आयपीएलमध्ये जाहिरात की मोबाईलवर व्हिडिओ? सीमाभागातल्या दुकानदारासाठी पैशाचा हिशेब

मार्चचा तिसरा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. कधी वडगावातले साडीवाले असतात, कधी खडेबाजारातले भांड्यांचे व्यापारी, कधी उद्यमबागेतले कारखानदार. विचारणा एकच: "आयपीएल सुरू होतंय, टीव्हीवर आपली जाहिरात लागली तर किती पडतील हो?" मी बेळगावात लहान दुकानांच्या जाहिरातींची कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षीचाच. मी आकडा सांगतो. पलीकडे जरा वेळ काही ऐकू येत नाही, मग हसणं. आणि लगेच पुढचं वाक्य: "राहू द्या, मग तेच पैसे यूट्यूबला लावून टाकूया की."

मला भीती या दुसऱ्या वाक्याची वाटते. टीव्ही परवडत नाही हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे तिथं पैसे बुडत नाहीत. बुडतात ते या "लावून टाकूया"मध्ये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी जे पैसे वाया गेलेले पाहिले, आणि त्यात माझ्या हातून गेलेलेही आले, ते जवळजवळ सगळे स्वस्त जाहिरातींवर गेले. म्हणून हे क्रमाने लिहितोय. वही-पेन घेऊन बसलात तर बरं.

महाग म्हणजे नेमकं किती

जगातली सगळ्यात गाजलेली महाग जाहिरात म्हणजे सुपर बोलमधली, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथं ३० सेकंदांचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ७० कोटी रुपये. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण तो सामना सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. भागाकार करा: माणशी साडेपाच रुपये. आपल्याकडे तेवढ्यात कटिंग चहाही येत नाही.

म्हणजे माणशी हिशेबात ही जाहिरात फार महाग नाही. अडचण एवढीच की ती किरकोळीत मिळत नाही. पोतंच्या पोतं उचलावं लागतं. ज्याचा माल अमेरिकेच्या प्रत्येक दुकानात आहे त्याला पोतं परवडतं. ज्याचं दुकान एकाच गल्लीत आहे त्याच्या घरी ते कुजतं.

आयपीएलचं गणित याच चालीचं. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क एकूण ४८,३९० कोटींना विकले गेले. त्यात भारतातल्या टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि डिजिटलचा मुख्य गठ्ठा व्हायकॉम १८ ने २०,५०० कोटींना. एवढे पैसे ओतल्यावर ते वसूल तर करायचेच. गेल्या काही हंगामांत टीव्हीवर १० सेकंदांसाठी पंधरा लाखांच्या वरचे दर छापून आले ते त्यामुळेच. बरं, एकदा लागून काही होत नाही, हंगामभर पुन्हा पुन्हा लागावी लागते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं. "टीव्ही की मोबाईल" म्हणून आपण वाद घालतो, पण निदान आयपीएलपुरते दोन्ही गल्ले आता एकाच मालकाचे आहेत.

मग मोठ्या कंपन्या खेळावरच एवढे पैसे का लावतात? मालिका नंतर बघता येते, सिनेमा पुढे ढकलता येतो. सामना आत्ताच बघावा लागतो. षटक संपलं की माणूस चॅनल बदलत नाही, कारण पुढचा चेंडू चुकेल. टी-ट्वेंटीच्या एका सामन्यात अशी चाळीसच्या आसपास षटकं, वर पडलेल्या विकेटी, शिवाय प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट. जाहिरातीला इतकी हुकमी जागा दुसऱ्या कार्यक्रमात मिळत नाही.

आणखी एक कारण आहे, ते मला जास्त पटतं. आयपीएलची जाहिरात म्हणजे गावजेवण. पंगतीत बसलेल्याला नुसतं जेवण मिळत नाही. सगळं गाव जेवलं हेही त्याला दिसतं. एवढा खर्च करणारा माणूस उद्या दुकान बंद करून पळणार नाही, असा विश्वास आपोआप बसतो. मोबाईलवरची जाहिरात म्हणजे घरपोच डबा. पोट भरतं, पण शेजाऱ्याने काय खाल्लं ते कळत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे मैदानाची गोष्ट येईल तेव्हा लागेल.

आधी गिऱ्हाइकाचा नकाशा

आता कामाला लागू. गेल्या लग्नसराईतली, म्हणजे एप्रिल-मेची, बिलबुकं काढा. प्रत्येक बिलावर गाव असतंच असं नाही, पण फोन नंबर असतो आणि गल्ल्यावर बसणाऱ्याला चेहरे आठवतात. दोनशे बिलं पुरे. गावांची नावं लिहा, पुढे रेघा मारा.

वडगावच्या एका साडीच्या दुकानात आम्ही हे केलं तेव्हा मालक स्वतःच चकित झाले. त्यांना वाटत होतं गिऱ्हाईक शहापूर, अनगोळ, टिळकवाडीचं. निघालं ते असं: शहराबरोबरीनेच खानापूर तालुका, येळ्ळूर, हिंडलगा, आणि चक्क चंदगड. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, राज्य महाराष्ट्र. पण तिथल्या माणसाला लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं, बाजारपेठ बदलत नाही.

ही गोष्ट जाहिरातीच्या धंद्यात फार महत्त्वाची आहे, कारण टीव्हीचा बाजार राज्यांच्या रेघांवर आखलेला आहे. प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्था महाराष्ट्र-गोवा एका बाजारात धरते आणि कर्नाटक दुसऱ्यात. मराठी वाहिनीचा दर ठरतो तो मुंबई-पुण्याच्या घरांवर. आपण बेळगावात बसून तीच वाहिनी बघतो, पण आपलं घर कर्नाटकाच्या खात्यात. म्हणजे मराठी वाहिनीवर जाहिरात दिली तर तुम्ही नाशिक आणि नागपूरच्या प्रेक्षकाचे पैसे भरता, कन्नड समालोचनाच्या वाहिनीवर दिली तर म्हैसूर-मंगळूरचे. तुमचं खरं गिऱ्हाईक दोन्हीत चिमूटभर. त्यात मोजणी अशी की देशभरातल्या वीस कोटींहून जास्त टीव्ही-घरांसाठी पन्नास-साठ हजार घरांत मीटर. साधारण तीन-साडेतीन हजार घरांमागे एक. देशाचा अंदाज बांधायला ते पुरतं. खानापूर तालुक्यात तुमची जाहिरात किती जणांनी पाहिली हे त्यातून कुणी सांगू लागलं तर चहा पाजून निरोप द्या.

टीव्हीवर कोण जाहिरात देतं ते एकदा बघा: मोबाईल कंपन्या, शीतपेयं, सिमेंट, गाड्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा होईपर्यंत खेळांची ॲपही होती. त्या कायद्यानंतर भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नावही गेलं. या सगळ्यांचा माल काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही पिनकोडवर विकला जातो. तुमचा जात असेल तर पुढचं वाचू नका, मुंबईला फोन लावा.

एका गिऱ्हाइकामागे किती परवडतात

ही पायरी लोक सर्रास वगळतात, आणि नंतर "जाहिरातीचा उपयोग नाही" म्हणत बसतात.

साडीच्या दुकानाचंच घेऊ. आकडे मी मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा एकट्या-दुकट्या साडीचं सरासरी बिल ४,००० रुपये आणि त्यावर सुटतात २२ टक्के, म्हणजे ८८०. यातून भाडं, पगार, वीज भागवायची. जाहिरातीला चौथा हिस्सा दिला तर २२० रुपये. एका नव्या गिऱ्हाइकाला दुकानात आणायला २२० च्या वर खर्च झाला की तुम्ही जाहिरात कंपनीसाठी राबताय.

आता बस्त्याचा हिशेब. समजा बस्त्याचं बिल ६०,००० आणि सुटतात २० टक्के: १२,०००. चौथा हिस्सा ३,०००. एकाच दुकानात दोन गिऱ्हाइकं, पण एकामागे २२० परवडतात आणि दुसऱ्यामागे ३,०००. मग जाहिरात "आमच्याकडे साड्या मिळतात" अशी करायची की "बस्ता बांधायला या" अशी, हे इथेच ठरलं. कॅमेरा नंतर.

पंधरा लाखांचे १० सेकंद घेऊन पाहू. २२० ने भागलं तर ६,८१८ नवी गिऱ्हाइकं लागतात. दोन महिन्यांच्या हंगामात रोज ११३ अनोळखी माणसं दुकानाची पायरी चढली पाहिजेत. बस्त्याने भागलं तरी ५०० बस्ते. मोबाईलवर ३०,००० रुपये लावले तर? बस्ते लागतात १०. दहा बस्ते ही दोन महिन्यांत होण्यासारखी गोष्ट आहे. आणि समजा एका पाहण्यामागे ४० पैसे पडले, तर ३०,००० त ७५,००० वेळा व्हिडिओ पाहिला जातो. साडेसात हजार पाहण्यांतून एक बस्ता. जमेल असं वाटतं ना? जमतं, पण सेटिंग बरोबर असेल तर. त्याआधी एक अपवाद सांगतो.

टीव्ही कुणाला शोभतो

उद्यमबागेत एक पंपवाले आहेत. त्यांचं गिऱ्हाईक शेतकरी, पण माल जातो तो सोलापूर, सांगली, विजयपूरच्या विक्रेत्यांमार्फत. त्यांना मी मोबाईल एके मोबाईल असं सांगत नाही. विक्रेत्याच्या दुकानात चार कंपन्यांचे पंप मांडलेले असतात, आणि "ही कंपनी टीव्हीवर येते" एवढं वाक्य त्याला विकायला बळ देतं. आयपीएल नकोच, पण शेतीचा कार्यक्रम किंवा प्रादेशिक बातम्यांची वाहिनी, रात्रीच्या साध्या वेळेत, आणि तीच जाहिरात विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲपवर. गावजेवण लहान घातलं तरी गावजेवणच.

मोठ्या खर्चाची जाहिरात खरंच विक्री वाढवते का, यावर हार्टमन आणि क्लॅपर या अभ्यासकांचा २०१८ मध्ये छापलेला सुपर बोलवरचा अभ्यास आहे. बिअरच्या एका मोठ्या कंपनीला चांगलाच फायदा झालेला दिसला. पण शीतपेयांच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच सामन्यात जाहिरात दिली की फायदा एकमेकांत जिरून जायचा. बेळगावात हे समजवायला अभ्यासाची गरज नाही. दिवाळीत समोरासमोरच्या दोन सराफांनी एकाच वळणावर एकाच मापाचे फलक लावले की फलकवाल्याचीच दिवाळी होते.

निपाणीच्या मंडळींसाठी एक कंस. तंबाखू आणि विडीच्या व्यापाऱ्याला हा सगळा लेख निरुपयोगी आहे. २००३ च्या कायद्याने त्या मालाची जाहिरात टीव्हीवरही नाही आणि मोबाईलवरही नाही. ज्या मालावर आपल्या भागातलं एक अख्खं गाव उभं राहिलं त्याला जाहिरात माहीत नाही, आणि क्रिकेटच्या मधल्या वेळेत मात्र वेलचीच्या नावाखाली कोण कोण येऊन जातं ते आपण बघतोच.

व्हिडिओ कसा करायचा

यूट्यूबवर जी जाहिरात पाच सेकंदांनंतर टाळता येते, तिच्यात पाहण्यामागे पैसे हा प्रकार निवडला तर पैसे कधी कापले जातात? कुणी ३० सेकंद पाहिली तर, किंवा जाहिरात त्याहून लहान असल्यास पूर्ण पाहिली तर, किंवा तिच्यावर दाबलं तर. म्हणून माझी सवय: व्हिडिओ ४० सेकंदांच्या आसपास ठेवायचा, आणि दुकानाचं नाव व गाव पहिल्या पाच सेकंदांतच बोलून टाकायचं. जो सहाव्या सेकंदाला पळाला त्याने तुमचं नाव फुकटात ऐकलं. जो तिसावं सेकंद ओलांडून गेला त्याला बहुधा खरंच बस्ता बांधायचा आहे. सहा सेकंदांच्या न टाळता येणाऱ्या छोट्या जाहिरातीही मिळतात. ज्यांचं नाव आधीच लोकांना माहीत आहे त्यांना त्या आठवण करून द्यायला बऱ्या.

ड्रोन, मॉडेल, संथ गतीत उडणारा पदर, हे सगळं सोडा. दुकानातल्या चाळीस वर्षं गाद्यांवर बसलेल्या मामांना उभं करा. त्यांना संहिता देऊ नका. "चंदगडहून मुलीकडची मंडळी आली तर तुम्ही आधी काय दाखवता?" असं विचारा आणि मोबाईल चालू ठेवा. ते जे बोलतील ते कुठल्याही जाहिरात लेखकाला सुचणार नाही. आपली बेळगावी बोली तशीच राहू द्या. पुण्याच्या मराठीत बोलणारा साडीवाला वडगावात परका वाटतो. दुकानात कन्नड गिऱ्हाईकही येतं, आणि गल्ल्यावरचा माणूस दोन्ही भाषा सहज बोलतो. मग कन्नड व्हिडिओ वेगळा करा, मराठीवर आवाज चढवलेला नको. ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरा, हे गिऱ्हाइकाला पहिल्या सेकंदात कळतं.

फोन उभा धरून घ्या, अक्षरं मोठी टाका, कारण बसमध्ये आवाज बंद असतो. सिनेमाचं गाणं लावू नका. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि हक्क असलेला माणूस व्हिडिओ अडवू शकतो. खेळाडूचा फोटो, संघाचं चिन्ह, आयपीएलचं नाव, यातलं काहीही परवानगीशिवाय वापरायचं नाही, "शुभेच्छा" म्हणूनसुद्धा.

एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच: अमेरिकेत २०१२ मध्ये दाढीची पाती विकणाऱ्या डॉलर शेव्ह क्लबने सुमारे साडेचार हजार डॉलरमध्ये व्हिडिओ केला, दोन दिवसांत १२ हजार ऑर्डरी आल्या, पुढे २०१६ मध्ये युनिलिव्हरने ती कंपनी सुमारे शंभर कोटी डॉलरना घेतली. गोष्ट खरी आहे. पण ती कंपनी पाती टपालाने देशभर पाठवत होती. तुमचा व्हिडिओ औरंगाबादेत गाजला म्हणून तिथला माणूस बस्ता बांधायला बेळगावला येत नाही.

सेटिंग: पैसे इथेच गळतात

माझी सगळ्यात लाजिरवाणी मोहीम सांगतो. भांड्यांच्या एका दुकानासाठी व्हिडिओ लावला, पहिल्या चार दिवसांत पाहण्यांचा पाऊस. मालक खूश, मी खूश. पाचव्या दिवशी जाहिरात कुठे कुठे दिसली त्याची यादी उघडली. बालगीतं. मग गेमची ॲप. मग पुन्हा बालगीतं. पाच वर्षांचं पोर आईचा मोबाईल घेऊन बसलेलं, त्याला जाहिरात टाळायला सुचत नाही, आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद पूर्ण. आम्ही त्या चार दिवसांत बेळगाव आणि परिसरातल्या बालवाड्यांना प्रेशर कुकर दाखवला. चूक माझीच होती. मुलांचा मजकूर आणि गेमची ॲप वगळायची ती मी वगळली नव्हती. तेव्हापासून हे सगळ्यात आधी करतो, आणि दर दोन दिवसांनी ती यादी उघडतो.

ठिकाण निवडताना "कर्नाटक" असं राज्य कधीही निवडू नका. बंगळूरचा मोठा आकडा तुमचे पैसे गिळतो आणि चंदगड बाहेर राहतं. नकाशावर दुकानाची खूण ठेवून तिच्याभोवती वर्तुळ काढायची सोय असते. बिलबुकावरून जी गावं निघाली ती त्यात बसतील एवढं वर्तुळ पुरे. खानापूर पंचवीसेक किलोमीटर, चंदगड त्याहून थोडं पुढे; निपाणी खूप लांब, ती हवी असेल तर वेगळं लहान वर्तुळ. यंत्राला राज्याची सीमा दिसत नाही. आपल्या भागात इतकी वर्षं न सुटलेली गोष्ट इथं एका वर्तुळात सुटते, निदान जाहिरातीपुरती.

यूट्यूबची जाहिरात गूगलच्या खात्यातूनच लावतात, आणि तिथं आणखी एक गंमत लपलेली आहे. ठिकाणाच्या खाली "त्या ठिकाणी असलेले" आणि "असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवणारे" असे दोन पर्याय असतात, आणि मोहीम उघडताना बहुधा दुसरा आधीच निवडलेला असतो. बेळगावची मुलं पुण्यात आणि बंगळुरात नोकरीला आहेत, ती रोज बेळगावच्या बातम्या, गावाकडे यायच्या गाड्या शोधतात. त्यांना तुमची जाहिरात दिसत राहते. भाजीवाल्याला त्याचा उपयोग शून्य. पहिला पर्याय निवडा. साडीवाल्याला मात्र मी एक वेगळी लहान मोहीम फक्त पुण्यासाठी सुचवतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. कारण मेमध्ये लग्न ठरलेलं पोरगं पुण्यात असतं आणि बस्ता आई-वडील गावात बांधतात.

भाषेचा सापळा सीमाभागात सगळ्यात खोल. "मराठी" भाषा निवडली की यंत्र बघतं ते फोन कुठल्या भाषेत चालू आहे, माणूस काय वाचतो-शोधतो अशा खुणांकडे. आपल्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी, आणि फोन इंग्रजीत. नुसती मराठी निवडली तर अर्धं गिऱ्हाईक गळतं. मी भाषा मोकळी ठेवतो आणि वर्तुळ घट्ट ठेवतो. कुणाला कुठला व्हिडिओ चालतो ते आठवड्याच्या आकड्यांत दिसतंच.

एकाच माणसाला दिवसातून दोनदाच्या वर दिसू नये अशी मर्यादा घाला, नाहीतर लोक दुकानाचं नाव घेऊन कंटाळा सांगतात. वेळेचं म्हणाल तर आयपीएलचे संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होतात आणि घरोघरी मोठा पडदा सामन्याला, छोटा पडदा हातात. मी मुद्दाम साडेसात ते दहा जाहिरात चालू ठेवतो. सामना फुकट, जाहिरात माझी. सामन्याच्या थेट प्रक्षेपणातही मोबाईलवर ठिकाण निवडून जाहिरात दाखवता येते, पण तिथं दर हजार वेळा दिसण्यावर असतो, कुणी पाहिलं की नाही यावर नाही. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा

टीव्हीच्या मीटरला हसलो, तर मोबाईलच्या आकड्यालाही तेवढंच हसायला हवं. "पाहिलं" म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं. यूट्यूबचं वर सांगितलं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तीन सेकंदांचीही मोजणी असते आणि पंधरा सेकंदांचीही; खर्चाच्या ओळीसमोर कुठली आहे ते वाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं होतं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला हा आकडा दोन वर्षं ६० ते ८० टक्के फुगवून दाखवला जात होता. तीन सेकंदांच्या आत पळालेल्यांना हिशेबात धरलंच नव्हतं.

म्हणून मोजणी दुकानात करायची. व्हिडिओत मामा म्हणतात, "येताना 'पैठणीचा मोर' म्हणा, ब्लाउजपीस आमच्याकडून." गल्ल्यावर एक वही, तिच्यात रेघा. दुसरी वही व्हॉट्सॲपवरून आलेल्यांची. ही पद्धत मागासलेली वाटते, पण तिला खोटं बोलता येत नाही.

तरी एक प्रश्न उरतो: जो 'पैठणीचा मोर' म्हणाला तो जाहिरात नसती तरी आला असता का? ईबे या कंपनीने काही भागांत शोधपानावरच्या स्वतःच्या जाहिराती मुद्दाम बंद करून पाहिल्या होत्या; अभ्यासकांना दिसलं की स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद केल्या तरी माणसं येतच राहिली. हा प्रयोग आपणही करू शकतो. मोहिमेचे पहिले तीन आठवडे खानापूरचं वर्तुळ चालू, निपाणी बंद. पुढचे तीन आठवडे उलट. बिलबुकात गावं लिहितच आहात. आम्ही हे केलं तेव्हा खानापुरातून येणारी बिलं स्पष्ट वाढली, निपाणीतून जवळजवळ नाही. निपाणीकर कोल्हापूरला जातात, त्यांना कितीही दाखवलं तरी. पुढच्या वर्षी निपाणीचे पैसे खानापूर-चंदगडला गेले. हे मला दहा अहवालांनी सांगितलं नसतं.

आपलं स्वतःचं गावजेवण

आता मैदान. सरदार मैदानावर टेनिस बॉलचे सामने लागतात, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्यांचं मैदान होतं, गावोगावी कबड्डीचे मंडप पडतात. आणि आता यातलं बरंच यूट्यूबवर थेट दिसतं. तिथं गर्दी एकत्र बसलेली असते, षटक संपलं तरी उठत नाही, शेजारी काय बघतोय ते सगळ्यांना दिसतं. मोठ्या कंपन्या ज्यासाठी कोटी मोजतात ते सगळं इथं आहे, आणि प्रेक्षक नेमका तुमच्या वर्तुळातला. माझ्या मते सीमाभागातल्या दुकानदाराने खेळावर जाहिरात द्यायचीच असेल तर ती इथे.

पण आयोजकांशी बोलताना भिडस्तपणा नको. नुसतं "मुख्य पुरस्कर्ते" म्हणून फलकावर सतराव्या नंबरला नाव आलं तर पैसे पाण्यात. धावफलकाच्या पट्टीवर नाव कायम हवं. समालोचकाने दर पाच षटकांनी एक वाक्य म्हणायचं, ते वाक्य तुम्ही लिहून द्यायचं. गेल्या वर्षीच्या प्रक्षेपणात एका वेळी जास्तीत जास्त किती जण बघत होते ते चॅनलवाल्याच्या फोनवर स्वतः बघा. एकूण पाहण्यांचा आकडा नको, एका वेळचा हवा. आणि अंतिम सामन्याची दोन मिनिटांची चित्रफीत तुमच्या जाहिरातीत वापरायची लेखी परवानगी घ्या. विजेत्या संघाला मामांच्या हातून ढाल देतानाचा क्षण पुढचे सहा महिने मोबाईलवर चालतो. कुस्तीत तर जोडीचं इनाम पुकारताना हलगीवाल्याच्या शेजारून तुमचं नाव घेतलं जातं, ते पंधरा लाखांच्या १० सेकंदांतही मिळायचं नाही.

पैसे भरताना दोन गोष्टी. टीव्ही असो की मोबाईल, जाहिरात सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. वर्तमानपत्रातल्या जागेवर ५. नेहमीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तो वजा मिळतो, म्हणून मोहिमेच्या खात्यात आपला जीएसटी क्रमांक आधीच घाला. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला वजावट नाही, त्याचे ३०,००० म्हणजे प्रत्यक्षात ३५,४००, आणि वरचा सगळा भागाकार त्या आकड्याने करायचा. दुसरी गोष्ट, मोहिमेला शेवटची तारीख घाला. अक्षय्य तृतीयेची सूट सांगणारी एक जाहिरात गेल्या वर्षी जूनमध्ये पहिल्या पावसापर्यंत चालू राहिली होती. रेनकोट घालून दुकानात आलेल्या बाईंनी सूट मागितली, आणि मामांनी ती दिली.